मानेतली गाठ: अवधाण की गंडमाळ?

मुलाच्या अंगाला तेल लावताना किंवा मुलीची वेणी घालताना आईचा हात मानेपाशी थबकतो. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी गोल लागतं. ती दुसरी बाजू चाचपून पाहते. तिथेही असतं, पण लहान. मग सासूला दाखवते, शेजारणीला दाखवते आणि संध्याकाळपर्यंत घरात दोन पक्ष तयार होतात. एक पक्ष म्हणतो, 'काही नाही, अवधाण आलंय, जाईल आपोआप.' दुसरा पक्ष आवाज खाली आणून विचारतो, 'टीबीची तर नसेल?' त्यानंतर ही मंडळी माझ्याकडे येतात. श्रोतेहो, दोन्ही पक्षांचं म्हणणं बरोबर असू शकतं, आणि कोणाचं बरोबर आहे हे नुसतं मानेकडे बघून मलाही दर वेळी सांगता येत नाही. ते ठरवायचं कसं, आणि ठरवल्याशिवाय सहा महिन्यांचं औषध का सुरू करू नये, याबद्दल आज बोलायचं आहे.

अवधाण हा शब्द मला फार आवडतो. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, हाताला गळू झालं की काखेत येते. आजीला रसग्रंथी हा शब्द माहीत नसतो, पण गाठ एका जागी आणि तिचं कारण दुसऱ्या जागी, हे तिला पक्कं ठाऊक असतं. वैद्यकशास्त्र तेच सांगतं. शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीनं रसवाहिन्यांचं एक जाळं असतं आणि त्यावर जागोजागी, जुन्या काळच्या जकात नाक्यांसारख्या, या ग्रंथी बसवलेल्या असतात. घशातून, दातातून, डोक्याच्या कातडीतून शिरलेला जंतू तिथे अडवला जातो. त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी वाढतात आणि ग्रंथी फुगते. शरीरातल्या अशा काही शे ग्रंथींपैकी मोठा हिस्सा एकट्या मानेत आहे. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं अगदी नेहमीचं, त्यामुळे त्यांच्या मानेतली नाकी सतत जागीच असतात. टपोऱ्या वाटाण्याएवढी, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आतली, मऊ, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी गाठ निरोगी मुलातही सापडते. तिला औषध लागत नाही. रोज दाबून पाहणं तेवढं थांबवावं. दाबून दाबूनही ती दुखरी होते.

गाठ कुठे आहे, यावरून अर्धं निदान होतं. जबड्याखाली असेल तर मी तोंड उघडायला लावून दात बघतो. किडलेली दाढ मुळाशी पिकलेली असेल तर कितीही औषधं द्या, दाढेवर उपचार होईपर्यंत ती गाठ पुन्हा पुन्हा येत राहते. जबड्याच्या कोनाशी असेल तर टॉन्सिल. कानाच्या पुढे असेल तर डोळा आणि पापणी. दोन्ही बाजूंना बारीक बारीक पुष्कळ गाठी, सोबत सर्दी, नाक वाहतंय, तर हा विषाणूंचा कारभार असतो आणि त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. आणि मानेच्या मागे, केसांच्या रेषेजवळ असेल तर?

आश्रमशाळेतल्या एका दहा वर्षांच्या मुलीला तिचे वडील घेऊन आले होते. हातात जाड फाइल. रक्ताच्या तपासण्या दोनदा, छातीचा एक्स-रे, आणि शेवटच्या कागदावर क्षयाच्या औषधांचा सल्ला. मानेच्या मागे दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या चार-पाच गाठी होत्या. मी तिला वेणी सोडायला सांगितली. ती लाजली, कारण तिला माहीत होतं. केसांत उवा, लिखा आणि खाजवून खाजवून पिकलेल्या खपल्या! त्या फाइलमध्ये सगळं होतं, फक्त कोणी तिची वेणी सोडून पाहिल्याची नोंद नव्हती. उवांचं औषध, डोक्यातल्या जखमांसाठी आठवडाभराची अँटिबायोटिक आणि त्या खोलीतल्या सगळ्या मुलींना एकाच दिवशी तेच उवांचं औषध, एवढ्यावर महिन्याभरात गाठी जिरल्या. तपासणीला येताना मुलांचे केस बांधून, टोपी घालून आणू नका असं मी पालकांना सांगतो, ते यासाठी.

एक जागा मात्र अशी आहे की तिथली गाठ साधी धरायची नाही. गळ्याखाली आडवं जाणारं हासळीचं हाड, त्याच्या वरचा खड्डा. तिथपर्यंत घसा-दातांचा जंतू सहसा पोचत नाही. तिथे लागणाऱ्या गाठीचं मूळ छातीत किंवा पोटात असू शकतं. ती कितीही लहान असो, वाट बघू नये.

आता पिकणाऱ्या गाठीकडे वळू. ही लपत नाही. दोन-तीन दिवसांत सुपारीची लिंबाएवढी होते, बहुधा एकाच बाजूला असते, मूल हात लावू देत नाही, वरची कातडी लाल आणि गरम होते, ताप चढतो आणि मान एका बाजूला कलती राहते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत ही जास्त. हिचे सूत्रधार बहुतेक वेळा दोनच जंतू असतात. एक स्टॅफिलोकोकस, जो कातडीवर आणि नाकात मुक्कामाला असतो. दुसरा स्ट्रेप्टोकोकस, घशातला. म्हणून औषधही या दोघांना लागू पडेल असंच निवडतात. अमॉक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनेट किंवा सेफॅलेक्सिन, मुलाच्या वजनाच्या हिशेबानं, साधारण दहा दिवस. दोन-तीन दिवसांत ताप आणि ठणका उतरायला हवा. गाठ जिरायला मात्र तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यासाठी औषध बदलायचं नसतं. घरातली एक नेहमीची गोष्ट सांगतो. पाणी घालून तयार केलेली ही बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी आठवडाभरच टिकते. म्हणजे दहा दिवसांसाठी दुसरी बाटली लागते, आणि मागच्या पावसाळ्यात उरलेली बाटली या पावसाळ्यात मोरीत ओतण्याच्याच लायकीची असते.

औषध चालू असूनही ताप हटत नसेल, गाठ मऊ पडून बोटाखाली डचमळायला लागली असेल, तर आत पू झालाय. शंका असेल तर सोनोग्राफीत तो दिसतो. मग तो सुईनं ओढून किंवा चीर देऊन काढावा लागतो, आणि ते काम सर्जनचं. काढलेला पू फेकून न देता तपासायला पाठवायचा, आणि आपल्या देशात तो क्षयासाठीही तपासायचा. कोमट फडक्यानं हलकं शेकलं तर हरकत नाही. पण गूळ-चुन्याचा लेप, बिब्बा, तापलेल्या सळईचा डाग हे प्रकार अजून पाहायला मिळतात. बिब्ब्यानं गाठ जिरत नाही, कातडी मात्र भाजते, आणि नंतर तपासणाऱ्याला लाली गाठीची की बिब्ब्याची हे कळेनासं होतं.

रात्रीच्या रात्री दवाखाना गाठावा अशी लक्षणंही ऐकून ठेवा. मूल थुंकी गिळत नाही, लाळ गळते, तोंड उघडवत नाही, मान ताठ धरली आहे, श्वासाला घरघर आहे. अशा वेळी पू घशाच्या मागच्या बाजूला साठलेला असू शकतो आणि श्वासनलिकेवर दाब येतो. तान्ह्या बाळाची गाठ लाल झाली तरी तसंच, थांबायचं नाही. आणखी एक आजार या गर्दीत लपून येतो. पाच दिवस उतरत नसलेला ताप, लाल डोळे, लालभडक ओठ, अंगावर पुरळ आणि मानेत एका बाजूला मोठी गाठ. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 साली या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते आणि खरा उपचार पहिल्या दहा दिवसांत व्हावा लागतो. गाठ पिकली म्हणून अँटिबायोटिक बदलत बसलं की ते दहा दिवस निघून जातात.

एवढं झाल्यावर उरते ती सावकाश येणारी गाठ. हिचं वागणं अगदी वेगळं. दुखत नाही, लाल होत नाही. आईलाही नक्की सांगता येत नाही की दिवाळीपासून आहे की त्याच्याही आधीपासून. एकीला दुसरी, तिला तिसरी अशा चिकटून त्यांचा पुंजका होतो. जुन्या लोकांनी याला गंडमाळ म्हटलं ते या माळेवरून. पुढे ती मऊ पडते, वरची कातडी जांभळट होते; आत पू असतो, पण हात लावला तर गार. याला थंड गळू म्हणतात. ते फुटलं किंवा कुणी घाईनं चीर दिली की जखम महिनोन् महिने वाहत राहते आणि मानेवर कायमचा वण ठेवून जाते.

गाठींची गल्लत होते हे जुन्या वैद्यांनाही माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचं वर्णन एकाच अध्यायात शेजारी शेजारी केलंय, म्हणजे एकीला दुसरी समजण्याचा धोका तेव्हाही होताच. इंग्लंडमध्ये गंडमाळेला 'राजाचा रोग' म्हणत, कारण राजानं स्पर्श केला की ती बरी होते अशी समजूत होती. पुढे शब्दकोशकार म्हणून गाजलेले डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांना लहानपणी, 1712 साली, यासाठी राणी ॲनकडे नेलं होतं. राणीनं स्पर्श केला, गळ्यात घालायला एक पदक दिलं. गाठींवर शस्त्रक्रियाही झाली, आणि तिचे वण जन्मभर राहिले. पुढे 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं आणि गंडमाळ, फुफ्फुसाचा क्षय, मणक्याचा क्षय ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी असल्याचं स्पष्ट झालं. युरोपात ही गंडमाळ पुष्कळदा क्षयी गाईच्या कच्च्या दुधातून यायची. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत उकळायची रीत आहे, म्हणून तो मार्ग बराचसा बंद. आपल्या मुलाला ती मिळते ती बहुधा घरातल्या खोकल्यातून. त्याकडे नंतर येतो.

दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, दोन आठवड्यांहून जास्त दिवस आहे, साध्या अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स होऊन हललेली नाही, तर पुढचं पाऊल ठरलेलं आहे: गाठीतूनच पुरावा घ्यायचा. इंजेक्शनच्या सुईएवढ्याच बारीक सुईनं गाठीतल्या काही पेशी ओढून घेतात. भूल लागत नाही, मूल पाच मिनिटांत आईच्या कडेवर असतं. इथे मला दर वेळी एक अडथळा पार करावा लागतो. 'सुई लावली की रोग पसरतो,' असं कोणीतरी सांगितलेलं असतं. श्रोतेहो, या बारीक सुईनं क्षय पसरत नाही. पसरतो तो न ओळखला गेल्यानं.

त्या पेशींचा एक भाग काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुसरा भाग जनुकीय तपासणीला जातो. ही तपासणी जंतूचा नुसता ठावठिकाणा लावत नाही. रिफाम्पिसीन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही, हेही काही तासांत सांगते. यातलं ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. कधी कधी सुईत पुरेसं काही येत नाही, मग पूर्ण गाठ काढून तपासावी लागते. त्या वेळी एका गोष्टीची पालकांनी आठवण करून द्यायला हरकत नाही. काढलेली अख्खी गाठ फॉर्मेलीनच्या बाटलीत टाकली की आतले जंतू मरतात आणि मग ते वाढवून बघता येत नाहीत. म्हणून बाटल्या दोन हव्यात. एकीत फॉर्मेलीन, दुसरीत साधं सलाईन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे विचारलं तर कुठलाही समजदार सर्जन रागावणार नाही.

मग हातावर ती लहानशी सुई देऊन तीन दिवसांनी बघतात, ती मांटू टेस्ट कशासाठी? ती एवढंच सांगते की मुलाच्या शरीराची क्षयाच्या जंतूशी गाठ पडलेली आहे. ही गाठ क्षयाची आहे, असं ती सांगत नाही. रक्तातला ईएसआर वाढलेला असणं हा तर पुरावाच नव्हे, तो दाढ दुखली तरी वाढतो. तरीही केवळ या दोन कागदांवर मुलं सहा महिने गोळ्या खाताना दिसतात. मला यात सर्वांत जास्त भीती वाटते ती एका विशिष्ट मुलाची. तेरा-चौदा वर्षांचा, मानेत रबरासारख्या घट्ट, न दुखणाऱ्या गाठी. पुरावा न घेता क्षयाची औषधं सुरू झालेली. पहिल्या महिन्यात 'थोडी कमी वाटते' असं घरच्यांनाच वाटलेलं. चौथ्या महिन्यात वजन उतरलेलं, रात्री घामानं कपडे भिजतायत, आणि तपासणीत निघतो तो हॉजकिनचा लिम्फोमा, म्हणजे रसग्रंथींचा कर्करोग. अशी मुलं मी पाहिली आहेत. या कर्करोगात वेळेवर उपचार मिळाले तर बहुतांश मुलं बरी होतात, म्हणून तर ते चार महिने जास्त लागतात मनाला.

याच कारणासाठी निदान होण्याआधी दोन प्रकारची औषधं टाळायला हवीत. एक, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड यांसारखी अँटिबायोटिक्स. ती क्षयाच्या जंतूवरही थोडीफार चालतात. गाठ तात्पुरती दबते, तपासणीत जंतू सापडत नाही, आणि दोन महिन्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसरं औषध स्टिरॉइड. त्यानं गाठ जादू झाल्यासारखी विरघळते, घरचे खूश होतात, आणि रक्ताचा किंवा ग्रंथींचा कर्करोग असेल तर तो पडद्याआड जातो.

तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेत आलेल्या गाठीबद्दल दोन शब्द. जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात आणि काही बाळांना पुढच्या महिन्यांत त्याच बाजूच्या काखेत, क्वचित हासळीजवळ, गाठ येते. बाळ हसतंय, दूध पितंय, वजन वाढतंय, तर ती बहुधा लसीची. बहुतेक वेळा आपोआप जिरते, क्षयाची औषधं लागत नाहीत. पण ती लसीचीच आहे हे डॉक्टरांना दाखवून ठरवावं.

पुरावा मिळाला, क्षयच आहे, तर घाबरायचं कारण नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात याचा उपचार साधारण सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. औषधं रोज, वजनाच्या हिशेबानं, आणि लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. सगळं मोफत. वजन वाढलं की डोस बदलतो, म्हणून दर महिन्याला वजन करायचं. लघवीला केशरी रंग येतो तो औषधाचा, त्यानं दचकू नये. मात्र उलट्या, भूक मरणं, डोळे पिवळे होणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीचं आहे. नोंद झाली की पोषणासाठी दरमहा पैसे खात्यात जमा होतात. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम पाचशेची हजार रुपये झाली. पुष्कळ पालक नाव लागू नये म्हणून नोंद टाळायला सांगतात, विशेषतः मुलीच्या बाबतीत, लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून. त्यांना मी एवढंच म्हणतो की नोंद गुप्त राहते, गळू फुटल्याचा वण मात्र ओढणीखाली किती वर्षं झाकणार?

मुलांचा सौम्य क्षय चार महिन्यांत बरा होऊ शकतो का, हे पाहणारी शाईन नावाची मोठी चाचणी आफ्रिकेत आणि भारतात झाली. तिच्यात 1204 मुलं होती, पुण्याची आणि चेन्नईचीही. 2022 साली निष्कर्ष आले की सौम्य आजारात चार महिने सहा महिन्यांइतकेच गुणकारी ठरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं निवडक मुलांसाठी ते स्वीकारले. पण कोणाचा आजार सौम्य हे डॉक्टरांनी ठरवायचं. गाठ दिसेनाशी झाली म्हणून चौथ्या महिन्यात घरीच औषध बंद करण्याशी याचा काही संबंध नाही.

उपचारात एक प्रसंग हमखास गोंधळ घालतो. महिना-दोन महिने औषध व्यवस्थित चालू असतं, मुलाचं वजन वाढतंय, भूक सुधारली आहे, आणि अचानक गाठ मोठी होते किंवा दुसरी उगवते. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं नाही. मेलेल्या जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती जोरानं तुटून पडते, त्यामुळे असं पुष्कळदा होतं. पू झाला असेल तर तो सुईनं ओढून घेतात आणि तीच औषधं चालू ठेवतात. जंतू औषधाला न जुमानणारा निघण्याची शक्यताही असते, पण ती तपासणीनं ठरते, अंदाजानं नाही. सुरुवातीला जनुकीय तपासणी झालेली असली की या वेळी सगळ्यांनाच शांत झोप लागते.

आणि आता तो घरातला खोकला. मानेतल्या गाठीमुळे मुलाकडून दुसऱ्या मुलाला क्षय होत नाही. छाती स्वच्छ असेल तर ते शाळेत जाऊ शकतं, एका ताटात जेवू शकतं. पण मुलाला तो कुणाकडून तरी मिळालेला असतो. म्हणून निदान झालं की मी घरातल्या प्रत्येकाबद्दल विचारतो: खोकतं कोण? पहिलं उत्तर 'कोणी नाही' असं येतं. मग आई हळूच म्हणते, 'आजोबांना आहे, पण तो त्यांचा बिडीचा खोकला.' कधी ट्रक चालवणारा काका असतो, महिन्यातून चार दिवस घरी येणारा. त्या माणसाची थुंकी तपासली नाही तर मूल बरं होऊन पुन्हा त्याच खोकल्यापाशी झोपायला जातं. घरातल्या बाकी लहान मुलांचीही तपासणी होते आणि गरज असेल त्यांना प्रतिबंधक औषध दिलं जातं.

सहा महिने पूर्ण झाल्यावरही बऱ्याच मुलांच्या मानेत वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागत राहतं. 'अजून तीन महिने देऊ या का गोळ्या?' असं आया विचारतात. मूल चांगलं असेल, गाठ वाढत नसेल, तर गरज नसते; तो बरा झालेल्या ग्रंथीचा वण असतो. उपचार संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीला बोलावतात, तेव्हा मात्र मुलाला आणि वजनाच्या नोंदीच्या कागदाला घेऊन यायचं.